वाळवीची डॉक्टरीण

“वाळवीची डॉक्टरीण इथंच राहती न्हवं?”

फाटकाबाहेर सायकलला टेकून दत्तोबा मोकाशी उभे होते. मी ओट्यावर केस वाळवत बसले होते. तांदूळ पाखडता पाखडता आईचं सूप थांबलं आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, घे, आता हेही ऐक.

दत्तोबांना सगळं आंबळोली गाव ‘वस्ताद’ म्हणायचं. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मारुतीच्या देवळामागच्या तालमीत सकाळ-संध्याकाळ पोरापोरींना मल्लखांब शिकवायचे. वय एकसष्ट, पण चालताना अजून पावलाचा आवाज यायचा नाही.

“मी डॉक्टर नाही हो, वस्ताद. नुसती एम. एस्सी. झालेय.”

“त्येच ते. ह्ये बघ, पेपरात आलंय.”

त्यांनी खिशातून घडीचं कात्रण काढलं. त्यातल्या फोटोत मी हातातल्या बाटलीकडे इतक्या प्रेमानं बघत होते, की आईला तो नातेवाइकांना दाखवायची लाज वाटायची. वर मथळा होता, ‘ग्रामकन्येची वाळवीवर मात’.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. शहरातल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राचा प्रबंध केला होता. निर्गुडी, कडुनिंब आणि घाणेरी यांच्या पानांचा काढा लाकडाला लावला, की वाळवी त्या लाकडापासून लांब पळते, असं त्यात दाखवलं होतं. पहिला नंबर आला, बक्षीस मिळालं, पेपरात नाव आलं. मग मी घरी येऊन नोकरीसाठी अर्ज करत बसले. पाच महिन्यांत अकरा अर्ज केले होते. त्यामुळे घरी विचारायला आलेला वस्तादांसारखा माणूस मला खरं तर देवासारखाच वाटला.

“खांबाला वाळवी लागलीया, पोरी,” ते म्हणाले. “सागवानी खांब, अकरा वर्सांचा. आन् अठरा दिसांवर जिल्ह्याच्या स्पर्धा आल्यात. आंबळोलीत! आजवर आंबळोलीत जिल्ह्याचं काय झालंय का? एकदा मंत्र्याची गाडी पंक्चर झाली हुती, तेवढंच.”

“मग दुकानातलं औषध का नाही मारत?”

“आणलं हुतं. डब्यावर कवटी काढलीया.” वस्ताद कवटी समोर दिसल्यासारखे दचकले. “आमची पोरं उघड्या अंगानं खांबाला मिठ्या मारत्यात. गाल लावत्यात. घामाचं अंग असतंय. त्यास्नी काय सांगू, बाबांनो, कवटीला मिठी मारा? डबा परत दिला.”

मी त्याच संध्याकाळी तालमीत गेले.

मल्लखांब मी लहानपणापासून लांबून बघितला होता, जवळून कधीच नाही. जवळून तो खांब जिवंत वाटत होता. खाली मांडीएवढा जाड, वर निमुळता, मग मान आणि मानेवर बोंड. अकरा वर्षं पोरांच्या घामानं आणि एरंडेल तेलानं घासून इतका गुळगुळीत झालेला, की कंदिलाच्या काचेसारखा चमकत होता. आणि त्या चमकत्या अंगावर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, मातीच्या बारीक बारीक नळ्या चढल्या होत्या. मी नखानं एक नळी फोडली. आतून पांढरट किडे भांबावून बाहेर पडले.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्यावरून बोललं.

“ताई, बाजूला व्हा की, मी खाली येतीय.”

शबाना मुलाणी. सायकल दुरुस्तीवाल्या मुलाण्यांची पोरगी, अकरा वर्षांची, काडीएवढी. बोंडावर पोट टेकून ती हातपाय पसरून तरंगत होती. तेव्हा मुलींनी दोरीचा मल्लखांब करायचा, खांबाचा नाही, अशी रीत होती. पण वस्तादांनी हिला खांबावर चढवलं होतं, आणि स्पर्धेच्या उद्घाटनाला सगळ्या जिल्ह्यासमोर हिचंच प्रात्यक्षिक ठेवलं होतं. त्यावरून तालमीच्या मंडळात दोन बैठका आणि एक भांडण झालं होतं.

ती सरसर उलटी खाली आली, डोकं जमिनीपासून वीतभर असताना थांबली आणि तशीच उलटी लटकून मला म्हणाली, “ताई, पानांच्या वासानं वाळवी मरती का पळती?”

“पळते.”

“कुटं?”

“लांब.”

“लांब म्हंजी कुटं?”

“शबाना,” वस्ताद ओरडले, “ताईला काम करू दे!”

दुसऱ्या दिवशी तालमीतली बावीस पोरं पानांवर सोडली. मी सांगितलं होतं दोन पोती निर्गुडी, एक पोतं कडुनिंब, एक घाणेरी. आलं त्यात करंज होता, रुई होती, कुणाच्या तरी बागेतली कर्दळ होती आणि एका पोत्यात एक जिवंत सरडा होता. मी निवडत बसले. काढा उकळायला घरात मोठं भांडं एकच होतं, आईच्या माहेरचा तांब्याचा हंडा.

“हा आंघोळीचा हंडा आहे का तुझी प्रयोगशाळा, ते एकदा ठरव,” आई म्हणाली.

“चार दिवस, आई.”

चार दिवस आमच्या घरी आंघोळीच्या पाण्याला निर्गुडीचा वास येत होता. आईचे गुडघे त्यामुळेच सुटले, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. त्या वेळी मात्र तिनं शेजारच्या काकूंकडे जाऊन आंघोळ केली.

खांबाला तेल मुरलेलं, त्यामुळे काढा लावला की ओघळून जायचा. मग रिठ्याच्या पाण्यानं खांब घासून काढला, नळ्या खरवडल्या आणि आईच्या जुन्या पातळातून गाळलेला काढा कुंचल्यानं तीन हात चढवला. उरलेला बुंध्याशी ओतला. वस्ताद शेजारी उभे राहून एखाद्या आजारी माणसाला सलाइन लावताना बघावं तसं बघत होते.

पाचव्या दिवशी एकही नवीन नळी नव्हती. जुन्यांचा मागमूसही नव्हता.

वस्तादांनी खांबापुढं नारळ फोडला आणि पहिलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. तिथून पुढं आठवडाभर मला उसंत नव्हती. कुणी दाराची चौकट दाखवायला बोलावी, कुणी बैलगाडीचं जू घेऊन दारात उभं. पोस्टमास्तर कपाटाचा खण हातात धरून आले. एक बाई लेकीला घेऊन आली आणि हळूच विचारलं, “उवांवर चालंल का?” मी गंभीरपणे म्हणाले, “त्यावर अजून संशोधन व्हायचंय.” खरं सांगते, मला ते सगळं फार आवडत होतं. बाजारातून जाताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

त्यातच वस्ताद एक दिवस डोळे मिचकावत आले. “उद्घाटनाला पावणे कोण हायेत ठावं हाय का? कॉलेजचे प्राचार्य. ज्येंच्याकडं तू अर्ज केलायस न्हवं, त्येच. त्येंच्याम्होरं तुझा सत्कार ठिवलाय. शाल, नारळ आन् भाषण. म्हणणार, ह्या पोरीनं आमचा खांब वाचिवला. बघू मग कशी नोकरी देत न्हाईत ते!”

आईनं त्याच दिवशी माझ्यासाठी तिची मोतिया रंगाची साडी इस्त्रीला दिली.

स्पर्धेला दोन दिवस उरले असताना दुपारी चारच्या सुमाराला मी शेवटचा हात द्यायला तालमीत गेले. वस्ताद तालमीसमोरच्या मैदानावर मांडव घालून घेत होते. तालमीत शबाना एकटीच सराव करत होती. मी कुंचला भिजवला तोवर ती उलटी खाली आली, खांबाला कान लावून थांबली आणि म्हणाली, “ताई, ह्यो बोलतोय.”

“कोण?”

“खांब. आतनं कुरकुर करतोय. आपन पापड खाल्ल्यावर हुतं ना, तसं.”

“तुझ्या कानात तेल गेलं असेल.”

“तुमी ऐका की.”

मी गुडघ्यावर बसून कान लावला. आधी काहीच नाही. मग बारीक, अगदी बारीक टकटक. वाळवीतले शिपाई धोका जाणवला की डोकी आपटून इशारा देतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कानानं ऐकलं ते पहिल्यांदा.

कुंचल्याच्या दांड्यानं मी खांब वरून खाली ठोकत आले. मानेशी टणटण. कमरेशी टणटण. गुडघ्याच्या खाली आवाज बसला. रिकाम्या डब्यावर पोतं टाकून वाजवावं, तसा.

“काय झालं, ताई?” शबाना विचारत होती.

“काही नाही. आज सराव बंद. घरी जा.”

“पन परवा...”

“घरी जा म्हटलं ना!”

ती गेली. मी तिथंच मातीत बसून राहिले.

एक गोष्ट मी तोवर कॉलेजबाहेर कुणाला सांगितली नव्हती. माझ्या प्रबंधात नऊ बाटल्या होत्या. प्रयोगात दहा होत्या. प्रत्येकीत माती, वाळवी आणि काढा लावलेला लाकडाचा तुकडा. नऊ बाटल्यांत वाळवीनं लाकडाला तोंड लावलं नाही. दहाव्या बाटलीतलं लाकूडही वरून तसंच कोरं होतं. महिन्यानं ते उचललं, तर माझ्या चिमटीत त्याचा चुरा झाला. तुकड्याच्या तळाला काढा नीट लागला नव्हता. वाळवी तिथून आत शिरली होती आणि वरचा पापुद्रा ठेवून सगळं खाऊन बसली होती. मी माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. सर म्हणाले, “अपवाद असतोच. एका बाटलीनं तक्ता बिघडतो. सोडून द्या ती.” मी सोडून दिली. सर म्हणाले म्हणून सोडली, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मलाही तक्ता सुंदर दिसायला हवा होता.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं, दहाव्या बाटलीसकट. तिचे हात थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर तिनं विचारलं, “त्या मुलाण्यांच्या पोरीचं वजन किती असंल?”

“असेल पंचवीस-सव्वीस किलो.”

“किती उंचावनं पडंल?”

“आई!”

“मी आपलं इचारलं.” तिनं भाकरी फुगवली, टोपल्यात टाकली. “साडी इस्त्रीवाल्याकडंच आहे. आणू का राहू दे, तेवढं जाताना सांगून जा.”

मी तशीच उठले. चपला घालताना म्हणाले, “राहू दे.”

मैदानावर वस्ताद खुर्च्या मोजून घेत होते. मी म्हणाले, “वस्ताद, खांब आतून गेलाय.”

“कसला खांब?”

“आपला. वाळवी गेली नाही. वरून निघाली आणि आत शिरली. जमिनीतला भाग पोकळ झालाय. उकरून बघावा लागेल.”

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. “कुणी काय बोललं काय तुला? त्यो मंडळाचा खजिनदार...”

“कुणी नाही. मी ठोकून बघितलंय.”

“अगं, तूच बरा केलास न्हवं!”

“मी बरा नाही केला. बाहेरून काढा लावला आणि वाळवीला आत हाकललं. आधी निदान नळ्या दिसत होत्या, रोग दिसत होता. मी तो झाकला.”

मांडववाले बांबू सोडून ऐकू लागले होते. वस्तादांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते अगदी हळू बोलले.

“पोरी, अकरा वर्सं त्या खांबाला रोज तेल लावलंय म्या. त्येची नाडी मला कळंना व्हय? आज उकरला तर दोन दिसात माती बसायची न्हाई. उकरला म्हंजी स्पर्धा बुडाली. आन् तुझी नोकरी बी बुडाली, ती येगळीच.”

“बुडू दे.”

“न्हाई उकरायचा.”

“मग शबानाला चढवू नका.”

हे त्यांना झोंबलं. बैठकांत जे जे मुलीला खांबावर नको म्हणत होते, त्यांच्याच ओळीत मी जाऊन उभी राहिले असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सदरा काढला, खुर्चीवर टाकला आणि तालमीकडे चालायला लागले. मी मागून धावले, माझ्यामागून मांडववाले.

“वस्ताद, काय करताय?”

“म्या चढतो. माजं वजन सासष्ट किलू. मला पेलला तर चिमणीला पेलंल. न्हाई पेलला तर माजी हाडं. ती बी सागवानीच हायेत.”

“अहो, नका ना...”

त्यांनी खांबाला नमस्कार केला, दोन्ही हातांनी धरला आणि उडी घेतली. एकसष्ट वर्षांचा माणूस! पायांची अढी बसली, अंग वर सरकलं, पुन्हा अढी, पुन्हा वर. बघता बघता ते मानेशी पोचले आणि तिथून माझ्याकडे असं बघू लागले, की बघ, काय म्हणत होतीस?

खांब काहीच बोलला नाही. मला क्षणभर वाटलं, चुकले मी. आणि मनापासून सांगते, चुकले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मानेला पाय अडकवून अंग बाहेर फेकलं.

मोठा आवाज वगैरे झाला नाही. ओलं कापड फाटावं तसं बुडाशी काहीतरी फाटलं. खांब हळूहळू, दमलेला माणूस भिंतीला धरून खाली बसावा तसा, पूर्वेकडे कलला. “उडी मारा!” मी किंचाळले. वस्तादांनी अढी सोडली, उलट्या बाजूच्या मातीत पडले, दोन कोलांट्या खाल्ल्या. खांब धप्पकन त्यांच्यापासून दोन हातांवर आडवा झाला.

मातीचा धुरळा बसला. मग मांडववाल्यांनी त्यांना उठवून बसवलं. कमरेला मुका मार होता, डावा कोपर सोललेला. ते रांगतच खांबाच्या बुडाशी गेले. आत लाकूड नव्हतंच. मातीचे थर, घरट्यासारखे कप्पे आणि सैरावैरा धावणारे किडे. बोटभर जाडीचं वरचं साल तेवढं शाबूत होतं आणि त्याला माझ्या काढ्याचा वास येत होता.

वस्तादांनी आत हात घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. तो तळहातावर पसरला.

“परवा दुपारी ती वर असती,” ते म्हणाले.

मला रडू येत होतं आणि मांडववाल्यांपुढं रडायचं नव्हतं.

“आता बसू नगंस,” त्यांनी माझा आधार घेत उठता उठता सांगितलं. “वाघेरीच्या आखाड्यात एक जादा खांब हाय. ट्रॅक्टर बघ कुणाचा मिळतोय त्यो.”

वाघेरी आठ मैलांवर. सुगीचे दिवस, ट्रॅक्टर सगळे रानात. शेवटी मुलाण्यांनी ओळखीच्या वीटभट्टीवाल्याची गाडी आणली. खांब आला. वस्तादांना कमरेनं बसता येईना, म्हणून ते खाटेवर पालथे पडून हुकूम सोडत होते, इथं दगड घाला, तिथं मुरूम ठासा. माती बसायला वेळ नव्हता, तेव्हा खड्ड्यात चारी बाजूंनी लाकडाचे ओंडके आडवे ठोकून खांब आवळला. त्यावर आधी मांडववाल्यांमधले दोन सगळ्यांत जाड लोक एकदम चढवले. शबाना टाळ्या वाजवत होती. ते जेमतेम वीतभर वर गेले आणि खाली घसरले. पण खांब हलला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी मागच्या ओळीत, रोजच्याच साडीत बसले होते. सत्कार रद्द झाला असणार असं धरून चालले होते. पण वस्तादांनी काठी टेकत माइक गाठला.

“ह्या पोरीचा सत्कार आमी ठिवला हुता, तिच्या औषदानं आमचा खांब वाचला म्हणून. खांब काय वाचला न्हाई. त्यो तिकडं जळणात पडलाय. तवा सत्कार न्हाई.” लोक हसले. “पर नारळ आणलाय, त्येचं काय करायचं? शैला जगदाळे, इकडं ये. ह्यो नारळ औषदाचा न्हाई. तू येऊन सांगितलंस, त्येचा हाय.”

त्या नारळापर्यंत चालत जाणं मला फार लांब वाटलं.

शबानाचं प्रात्यक्षिक सव्वा चार मिनिटं चाललं. मुली बोंडावर उभ्या राहिलेल्या जिल्ह्यानं तोवर पाहिल्या नव्हत्या. ती उभी राहिली. मी मात्र त्यातलं फारसं बघितलं नाही. मी सगळा वेळ खांबाच्या बुडाकडे बघत होते.

चहाच्या वेळी प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, “तुमचा अर्ज आलाय आमच्याकडे. पण या खांबाचं तुमच्या प्रबंधाशी कसं जुळतं?” मी दहाव्या बाटलीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, “पुढच्या महिन्यात मुलाखतीला या,” म्हणाले. मी गेले. निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली. विद्यापीठाला मी पत्र लिहिलं, सरांनाही लिहिलं. विद्यापीठाकडून पोच आली. सरांनी उत्तर दिलं नाही, आणि पुढं एका लग्नात भेटले तेव्हा त्यांनी ओळखही दिली नाही. पुढच्या जूनपासून मी गावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी निवृत्त झाले.

पण मधलं थोडं राहिलं.

वाघेरीचा खांब परत करायचा होता. वस्तादांनी नवीन सागवान आणलं. या वेळी मी कुंचला हातात धरला नाही. खांबाचा जमिनीत जाणारा भाग आधी एकवीस दिवस काढ्यात उभा बुडवून ठेवला, तळासकट. मग वाळवून, त्याच पानांत कढवलेलं एरंडेल तेल पाजलं. खड्ड्यातली जुनी माती चार हात लांब नेऊन टाकली आणि खड्ड्याच्या तळचं वारूळ खणून काढलं. दर दोन महिन्यांनी बुंध्याशी नवा काढा, कारण पानांचा गुण फार दिवस टिकत नाही, हे आता मला कळलं होतं. आणि वस्तादांना एक अट घातली. वर्षानं खांब पुरता बाहेर काढायचा, चांगला दिसो वा वाईट.

“चांगला दिसत असला तरी?”

“चांगला दिसत असला तर नक्कीच.”

वर्ष झालं. खांब काढायच्या दिवशी निम्मं गाव तालमीत जमलं. आई काकूंना घेऊन आली. दोर लावून सोळा जणांनी खांब उपसला आणि दोन बाकांवर आडवा ठेवला. मी ओल्या फडक्यानं बूड पुसत पुसत गोल फिरले. बाजू घट्ट. ठोकल्यावर टणटण. तळही घट्ट. मागं लोक कुजबुजायला लागले होते. कुणीतरी “मारुतीरायाच्या नावानं...” म्हणून सुरुवातसुद्धा केली.

मग खालच्या कडेला माझं बोट अडखळलं. करंगळीएवढी एक खाच. तिच्यात ओली माती आणि दोन किडे.

“काय हाय?” वस्तादांनी विचारलं.

“खाल्लंय.”

“किती?”

“दीड इंच लांब. पाव इंच खोल.”

“एवढंच न्हवं?” पोस्टमास्तर मागून म्हणाले. “अहो, वर्षात एवढंच! म्हणजे औषध लागू पडलंच की!”

सगळे तेच म्हणायला लागले. खरंही होतं ते. तुलनेसाठी मी तेव्हाच शेजारी पुरलेला, काढा न लावलेला सागाचा ओंडका निम्मा संपला होता. मी खाली बसून हायस्कुलाची वही मांडीवर उघडली. वर तारीख घातलेली, खाली पान कोरं. मी वस्तादांकडे पाहिलं. ते पुढं झाले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती खाच स्वतःच्या नखानं मोजली, आणि मग गर्दीला हातानं गप्प केलं.

“ती खाच आधी लिव्ह,” ते म्हणाले. “बाकीचं मागनं.”

मी लिहिलं.